मोठ्या खोलीतल्याने भाडं थांबवलं: तीन रूममेट, एक करार आणि 60 हजारांची वसुली

पुण्यातला टू बीएचके, तीन नोकरदार मुलं, 11 महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स आणि ऑक्टोबरपासून स्वतःच्या वाट्याचं भाडं न देणारा एक जण. प्रकरण नमुन्यादाखल बांधलेलं आहे. माणसं आणि रकमा उदाहरणापुरत्या आहेत, कलमं आणि प्रक्रिया मात्र महाराष्ट्रात लागू असलेल्याच. असल्या भांडणात दोन हिशोब एकमेकांत मिसळतात: घरमालकाशी असलेला आणि आपसातला. ते वेगळे काढले की निम्मा गुंता तिथेच सुटतो, म्हणून ही मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

घर आणि वाटणी

भाडं महिन्याला 36,000, डिपॉझिट 1,08,000. करार 1 जून ते 30 एप्रिल, रीतसर नोंदवलेला. घरमालकीणबाईंना मुलं काकू म्हणतात. करारात त्या लायसेन्सर आणि तिघंही लायसेन्सी. तिघांच्या सह्या, तिघांचे अंगठ्याचे ठसे. नावांऐवजी त्यांना खोल्यांवरून ओळखू: मोठ्या खोलीतला, छोट्या खोलीतला आणि हॉलमधला.

मोठ्या खोलीला स्वतःचं बाथरूम आणि बाल्कनी, म्हणून तिचे 15,000. छोटीचे 12,000. हॉलमध्ये गादी टाकून झोपणाऱ्याचे 9,000. करारात ही वाटणी कुठेही नाही. तिथे फक्त इतकंच आहे की लायसेन्सींनी दरमहा 5 तारखेपर्यंत 36,000 द्यायचे. वाटणी ठरली ग्रुपवर, घर बघून आले त्या रात्री. छोट्या खोलीतल्याने लिहिलं, 'म्हणजे 15-12-9 फायनल ना?' मोठ्या खोलीतल्याचं उत्तर आलं, 'डन. पण बाल्कनी माझी.' हॉलमधल्याने 'ओके' टाकलं. घर मिळाल्याच्या आनंदात कोणी याहून जास्त लिहीतही नाही.

डिपॉझिट तिघांनी सारखंच भरलं, प्रत्येकी 36,000. भाडं छोट्या खोलीतल्याच्या खात्यातून काकूंना जायचं, बाकीचे दोघे त्याला यूपीआयने पाठवायचे.

सप्टेंबरपर्यंत काही झालं नाही. ऑक्टोबरमध्ये मोठ्या खोलीतल्याचा मेसेज आला, 'भावा, या महिन्यात टाइट आहे. पुढच्या महिन्यात 15 अधिक 15 एकदम टाकतो.' नोव्हेंबरमध्ये त्याला बाथरूमच्या भिंतीवरची ओल दिसली, 'काकू काम करून देत नाहीत तोवर मी देणार नाही.' डिसेंबरमध्ये म्हणाला, 'माझं डिपॉझिट आहे ना पडून, त्यातून कापा.' जानेवारीत त्याने ग्रुप सोडला. घर काही सोडलं नाही.

काकूंना कोण किती देणं लागतो

ऑक्टोबरमध्येच छोट्या खोलीतल्याने काकूंना फोन करून सांगितलं की यावेळी 21,000च येतील, बाकीचे 'तो' देईल. काकू म्हणाल्या, "अरे, तुमच्या तिघांत काय ते तुमचं तुम्ही बघा. मला पाच तारखेला छत्तीस हजार आले पाहिजेत."

बोलणं कोरडं वाटलं तरी काकूंचं बरोबर होतं. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 43 नेमकं हेच सांगतं. अनेकांनी मिळून एक वचन दिलं असेल आणि करारात वेगळं काही स्पष्ट म्हटलं नसेल, तर ज्याला वचन दिलं तो त्यांच्यातल्या कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. म्हणजे काकूंनी ठरवलं तर एकट्या हॉलमधल्याकडून 36,000 मागता येतील. 'मी माझे 9,000 दिले, माझा विषय संपला' हे उत्तर काकूंपुढे चालत नाही.

याच कलमाचा दुसरा भाग रूममेटच्या बाजूचा आहे. ज्याने जास्त भरलं तो बाकीच्यांकडून त्यांचा वाटा वसूल करू शकतो. हा वाटा समान धरायचा, करारातून वेगळा हेतू दिसत असेल तर तसा. तिसरा भाग सहसा कोणी वाचत नाही आणि खरी भांडणं तिथेच लागतात: एकाने वाटा बुडवला तर ते नुकसान उरलेल्यांनी समान वाटून घ्यायचं.

या घरात तसंच झालं. हॉलमधल्याचं म्हणणं होतं की मोठ्या खोलीतल्याला फ्लॅटमध्ये आणलं छोट्या खोलीतल्याने, तेव्हा खड्डा त्यानेच भरावा. मैत्रीच्या हिशोबात हे बसत असेल, कायद्याच्या हिशोबात बसत नाही. तूट महिन्याला 15,000, म्हणजे दोघांवर 7,500 प्रत्येकी. दोन दिवस धुसफूस झाली, मग दोघांनी तसंच भरायला सुरुवात केली. हॉलमधल्याने दर महिन्याला दोन वेगळे यूपीआय पाठवले: 9,000 वर 'माझं भाडं' आणि 7,500 वर 'मोठ्या खोलीच्या थकीत भाड्यातला माझा भाग'. ही शिस्त फार मोलाची. सगळं एकाच खात्यातून जात असल्यामुळे, नाहीतर जास्तीचे पैसे हॉलमधल्याने दिले होते की छोट्या खोलीतल्याने, हे वर्षभराने बँकेच्या उताऱ्यावरून कळलं नसतं.

भरायचंच का, असा प्रश्न इथे येतो. तिघांचं मिळून भाडं थकलं तर काकूंना करार संपवायचं कारण मिळतं. बहुतेक छापील करारांत तसं कलम असतंच. म्हणजे एकाच्या हट्टापायी तिघांचं घर जातं, आणि थकबाकीदार कोण हे काकूंना बघावं लागत नाही. माझं मत स्पष्ट आहे: आधी पूर्ण भाडं भरा, मग भांडा. भरताना मात्र लिहून कळवा की ही रक्कम अमुकच्या वाट्याची आहे, आम्ही ती नाइलाजाने भरत आहोत आणि त्याच्याकडून वसूल करणार आहोत. छोट्या खोलीतल्याने असा मेसेज दर महिन्याच्या 5 तारखेला त्याला वैयक्तिक पाठवला. मोठ्या खोलीतल्याने तो वाचला आणि गप्प राहिला.

त्याची तीन उत्तरं

ओल खरी होती. फोटोत भिंतीचा रंग फुगून पापुद्रे सुटलेले दिसत होते. पण दुरुस्तीची तक्रार काकूंविरुद्ध आहे. ती असेल तर तिघांनी मिळून काकूंना लेखी कळवायचं आणि कराराप्रमाणे दुरुस्ती किंवा भाड्यात सूट मागायची. काकूंनी एक रुपयाही कमी केलेला नसताना एकाने स्वतःपुरतं भाडं शून्य करून घेणं म्हणजे दंड काकूंना नव्हे, रूममेटना. पुढे काकूंनी 1,000 रुपये सूट दिली असती, तर फायदा तिघांच्या हिशोबात आला असता. बस, इतकंच.

डिपॉझिटचं उत्तर ऐकायला रास्त वाटतं, म्हणून त्यावर जरा थांबू. डिपॉझिट काकूंकडे आहे आणि ते काकूंच्या सुरक्षिततेसाठी आहे: शेवटी वीजबिल, मोडतोड, थकबाकी वळती करायला. चालू भाडं त्यातून कापून घ्यायला त्या बांधील नाहीत, आणि मधेच कापलं तर शेवटी मोडतोडीला काही उरत नाही. गणितही जमत नाही. त्याचा वाटा 36,000, म्हणजे 15,000 च्या हिशोबाने अडीच महिन्यांहूनही कमी. तो चार महिने थकला होता. पण या उत्तरात एक कबुली दडलेली होती. 'माझ्या डिपॉझिटमधून कापा' म्हणणारा माणूस देणं मान्यच करतो. छोट्या खोलीतल्याने तो मेसेज जपून ठेवला.

तिसरं उत्तर आलं नोटिशीनंतर, बहुधा कोणाच्या तरी सल्ल्याने: 'करारात 15,000 कुठे लिहिलंय? सगळे समान.' हे उत्तर हुशारीचं होतं. कलम 43 मध्ये वाटा समानच धरलाय. वेगळी वाटणी सिद्ध झाली नाही तर त्याचं देणं महिन्याला 12,000, चार महिन्यांचं 60,000 ऐवजी 48,000. एवढंच नाही, हॉलमधल्याचा वाटाही 9,000 वरून 12,000 वर जातो. म्हणजे घरात सर्वांत कमी देणाऱ्यालाच तो दुखरा प्रश्न झाला. तोडगा होता ग्रुपवरच्या त्या तीन ओळींत, आणि त्याहून भक्कम म्हणजे जून ते सप्टेंबर त्याने स्वतः चार वेळा पाठवलेल्या बरोबर 15,000 मध्ये. तोंडी करारसुद्धा करारच असतो. लोक काय बोलले यापेक्षा त्यांनी पैसे कसे दिले, हे न्यायालयाला जास्त पटतं.

जिथे जाऊन उपयोग नव्हता

डिसेंबरअखेरीस हॉलमधला पोलीस चौकीत जाऊन आला. तिथे ऐकायला मिळालं, 'हे दिवाणी आहे.' लोकांना ही टाळाटाळ वाटते, पण यात तथ्य असतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक व्हायला सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू लागतो. आधी चार महिने नीट भाडं देऊन मग थांबलेल्या माणसाबद्दल तो दाखवता येत नाही. नुसता करार मोडणं म्हणजे फसवणूक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात 2000 साली स्पष्ट केलं आणि तेव्हापासून ते वारंवार सांगितलं जातंय. धमकी, मारहाण, चोरी झाली तर गोष्ट वेगळी, तिथे पोलीसच.

मग लॅच बदलायची कल्पना निघाली. शनिवारी तो गावी जाणार होता, लॅचवाल्याचा नंबरही काढून ठेवला होता. हे करू नये. मोठ्या खोलीतल्याचं नाव करारात आहे, घरात राहायचा त्याचा हक्क तुमच्याइतकाच. त्याला बाहेर काढायचा अधिकार सहलायसेन्सींना नाही. अडवलं तर न्याय संहितेच्या कलम 126 खाली बेकायदा अडवणुकीची तक्रार होऊ शकते. ताब्यातून बेकायदा हुसकावलेला माणूस विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागायला जाऊ शकतो. 'पैसे देईपर्यंत लॅपटॉप आमच्याकडे' हा प्रकार तर त्याहून वाईट. पैसे उकळायला दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीशिवाय उचलणं चोरीच्या व्याख्येत येतं. साठ हजार येणं असलेला माणूस एका रात्रीत आरोपी होतो आणि मग तडजोडीच्या टेबलावर त्याची बाजूच उरत नाही.

वायफायचं कनेक्शन छोट्या खोलीतल्याच्या नावावर होतं आणि बिलही तोच भरायचा. त्याने पासवर्ड बदलला. यात मला काही गैर दिसत नाही. वीज-पाण्याला मात्र हात लावू नये.

सोसायटीच्या कमिटीला यात काही करता येत नाही. ग्राहक आयोगालाही नाही, कारण रूममेट हा सेवा पुरवणारा नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, पण तो घरमालकाने, आणि मुदत संपल्यावर घर खाली करून घेण्यासाठी. आपसातल्या वाट्याचा हिशोब तिथे होत नाही.

जिथे जायचं

पहिलं पाऊल वकिलाची नोटीस. ती पोहोचपावतीसह स्पीड पोस्टने, त्याच्या फ्लॅटच्या आणि गावच्या दोन्ही पत्त्यांवर, शिवाय ईमेलवरही. नोटिशीत तीन गोष्टी हव्यातच: महिनावार तक्ता, देण्याची मुदत आणि ठरल्या तारखेनंतर व्याज मागणार असल्याचं स्पष्ट वाक्य. तिसरी गोष्ट बऱ्याच नोटिशींत राहून जाते. व्याजाबाबत लेखी काही ठरलेलं नसताना, व्याज अधिनियम, 1978 प्रमाणे दावा दाखल होण्याआधीच्या काळाचं व्याज अशा लेखी सूचनेत नमूद केलेल्या तारखेपासून मागता येतं.

नोटिशीला उत्तर आलं ते वर सांगितलेलं 'सगळे समान'. म्हणजे 48,000 त्याने जवळजवळ मान्यच केले. वाद उरला 12,000 चा.

आता दोन वाटा. एक म्हणजे दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा. दोघांनी मिळून, करार कायद्याच्या कलम 43 वर आणि जोडीला कलम 69 वर आधारलेला. दुसऱ्याला कायद्याने द्यावे लागणारे पैसे ज्याचा त्यात हितसंबंध आहे त्याने भरले, तर ते परत मिळावेत, असं कलम 69 म्हणतं. मुदत तीन वर्षं, प्रत्येक महिन्याची रक्कम भरली त्या दिवसापासून स्वतंत्र. चॅटमधल्या 'देतो रे' वर विसंबून मुदत वाढेल असं समजू नये.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 37, म्हणजे संक्षिप्त दावा, ऐकून अनेकांचे डोळे चमकतात. त्यात प्रतिवादीला बचाव करण्यासाठीच आधी परवानगी मागावी लागते, म्हणून निकाल लवकर लागायची शक्यता. पण तो ठराविक रकमेच्या लेखी करारावर टिकतो. इथे लेखी म्हणावं ते चॅट, आणि बाकीचा आधार कायद्यातून आलेला. असा दावा आदेश 37 मध्ये रेटला तर समोरच्याला बचावाची परवानगी मिळून तो साध्या दाव्यासारखाच चालायची शक्यता जास्त. तिघांनी सुरुवातीला वाटे लिहून मुद्रांकावर सह्या केल्या असत्या तर चित्र वेगळं असतं. महाराष्ट्रात अशा साध्या कराराला आता 500 रुपयांचा मुद्रांक लागतो.

पुरावा म्हणून चॅट लावायचं तर फक्त स्क्रीनशॉट पुरत नाहीत. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा एक भाग फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक आकडा) येते. जुन्या कायद्यातल्या कलम 65ब च्या प्रमाणपत्राची गरज सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात ठामपणे सांगितली होती; नवं कलम त्याच वाटेवरचं आहे. व्यवहारात इतकं पुरे: फोन बदलू नका, चॅट पूर्ण एक्सपोर्ट करा, आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद ठेवा आणि बँकेकडून शिक्क्याचा प्रमाणित उतारा घ्या.

दुसरी वाट म्हणजे दावा न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज. फी नाही, वकील लागतोच असं नाही. प्राधिकरण समोरच्याला नोटीस काढतं. तो आला आणि जमलं तर लोक अदालतीत निवाडा होतो, आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 21 प्रमाणे त्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो. त्यावर अपील नाही. तो आलाच नाही तर त्याच्यावर सक्ती करता येत नाही. मग दावा आहेच. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन 15100. या प्रकरणात दोघंही पगारदार पुरुष असल्याने त्यांना मोफत वकील मिळाला नसता, पण अर्जदार स्त्री असेल तर कलम 12 खाली उत्पन्नाची अट न लावता मिळतो. मुलींच्या फ्लॅटमध्ये हे माहीत असायला हवं.

60,000 साठी काही वर्षं तारखा की दोन बैठकांत 50-55 हजार, हा निवड करण्याचा खरा प्रश्न. माझ्या मते, समोरचा नोकरीत आहे, त्याचा पत्ता माहीत आहे आणि त्याने देणं निम्म्याहून जास्त मान्य केलंय, तिथे लोक अदालत सोडू नये. माणूस शहर सोडायच्या बेतात असेल तर मात्र तडजोडीच्या आशेवर महिने घालवू नयेत.

काय ठरलं

दोघांनी दुसरी वाट धरली. फेब्रुवारीच्या बैठकीला तो आला. मागच्या बाकावर बसून बराच वेळ फोन बघत होता. 'सगळे समान' सांगून झालं, तेव्हा त्याच्यासमोर त्याचेच जून ते सप्टेंबरचे चार यूपीआय ठेवले. त्यावर तो एवढंच म्हणाला, "हां, ते आहे." 60,000 वर हिशोब झाला, व्याज सोडून दिलं.

फेब्रुवारीचे 15,000 त्याने थेट काकूंच्या खात्यात भरायचे आणि 28 तारखेला खोली सोडायची. डिपॉझिटमधला त्याचा 36,000 चा वाटा त्याने लेखी सोडून द्यायचा. मार्चपासून येणारा नवा मुलगा 36,000 काकूंऐवजी या दोघांना देईल, काकूंकडची 1,08,000 ची रक्कम जशीच्या तशी राहील आणि त्यातला तिसरा वाटा आता नव्या मुलाचा. उरलेले 24,000 चार हप्त्यांत, 6,000 प्रत्येकी. एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम तत्काळ देय. काकू बैठकीला आल्या नव्हत्या, पण डिपॉझिटच्या बदलाला त्यांची सहीची संमती आधीच घेतली होती. ती नसती तर या तडजोडीचा पाया डळमळीत राहिला असता.

त्याने घर सोडण्यात दोघांचाही मोठा स्वार्थ होता. मुदत संपल्यावर लायसेन्सीने घर खाली केलं नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. या घराला ती महिन्याला 72,000. दोघे 30 एप्रिलला सामान घेऊन निघाले असते आणि तो एकटा बसून राहिला असता, तरी संयुक्त करारामुळे काकूंची मागणी तिघांकडेही वळू शकली असती. म्हणून असा माणूस घरात असताना बाहेर पडायचं झालंच, तर आपल्या वाट्याचा ताबा सोडल्याचं पत्र आणि चाव्यांची पोच घेतल्याशिवाय निघू नये.

नव्या मुलासाठी काकूंनी जुना करार रद्द करून तीन नावांचा नवा नोंदवला. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं 10 टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के, म्हणजे इथे हजाराच्या आसपास. नोंदणी फी शहरात 1,000. एवढ्यासाठी लोक 'नंतर बघू' म्हणतात आणि नवा माणूस कागदावर येतच नाही. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही नव्याने दिली.

मोठ्या खोलीतल्याने मार्च आणि एप्रिलचे हप्ते दिले आणि पुन्हा थांबला. पण आता हातात लोक अदालतीचा निवाडा होता, नवा दावा लावायची गरज नव्हती. दिवाणी न्यायालयात थेट दरखास्त, म्हणजे निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज. त्याचा पगार 46,000 धरला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे पहिले 1,000 आणि उरलेल्या 45,000 चे दोन तृतीयांश, म्हणजे एकूण 31,000 जप्तीतून मोकळे. 15,000 पर्यंत जप्त होऊ शकतात. खासगी कंपनीला पगारातून कापून भरण्याचा आदेश न्यायालय आदेश 21 नियम 48अ खाली देतं. दरखास्तीची नोटीस मिळाली, पगार जप्तीचा कागद एचआरपर्यंत जाणार हे त्याला कळलं आणि उरलेले 12,000 एकरकमी आले. दोघांनी ते 6,000-6,000 वाटून घेतले. प्रत्येकाचे 30,000 पूर्ण झाले.

त्याचं नाव करारात नसतं तर

हे फार ठिकाणी असतं. करार एकाच्या किंवा दोघांच्या नावावर, तिसरा ओळखीतून आलेला. अशा वेळी कलम 43 लागत नाही, कारण काकूंना त्याने वचनच दिलेलं नाही. 69 सुद्धा लंगडं पडतं, काकूंना भाडं द्यायला तो कायद्याने बांधील नव्हता. उरतो तुमचा-त्याचा आपसातला तोंडी करार, आणि तो सिद्ध होत नसेल तर कलम 70: फुकट द्यायचा हेतू नसताना कोणी दुसऱ्यासाठी काही केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई मागता येते. खोली वापरली, बदल्यात काही दिलं नाही. ताकदीने धक्के मारून बाहेर काढणं इथेही नको, पण राहायची परवानगी तुम्हीच दिलेली असल्याने ती लेखी काढून घेऊन जायला सांगण्याची तुमची बाजू कितीतरी बळकट. अडचण एकच: करारात परक्याला ठेवायची मनाई असेल तर तुम्हीच काकूंचा करार मोडलेला असतो. म्हणून काकूंना अंधारात ठेवून नोटीस काढू नका, आधी त्यांच्याशी बोला.

दाव्यात असा माणूस 'मी तिथे राहतच नव्हतो, अधूनमधून यायचो' म्हणतो. मग राहण्याचा पुरावा गोळा करावा लागतो: सोसायटीच्या गेटवरच्या अ‍ॅपमधल्या नोंदी, पार्सलांवरचा पत्ता, बँकेत आणि कंपनीत दिलेला राहण्याचा पत्ता. त्यातही त्याने याच पत्त्यावर भाडं भरल्याच्या पावत्या ऑफिसात देऊन घरभाडे भत्त्याची करसवलत घेतली असेल, तर ते कागद कंपनीकडून न्यायालयामार्फत मागवायचा अर्ज करा. एकीकडे करसवलतीसाठी 'मी भाडं भरतो' आणि दुसरीकडे 'मी तिथे राहतच नव्हतो', ही दोन्ही विधानं एकाच माणसाला उलटतपासणीत सांभाळणं अवघड जातं.